बोट वाऱ्यावर चालते, पण गल्ला कशावर चालतो?



मागच्या महिन्यात रविवारच्या बॅचला चहाच्या सुट्टीत एक मुलगा मोबाईल घेऊन माझ्याजवळ आला. मोबाईल ॲक्सेसरीजचं दुकान आहे त्याचं, एसटी स्टँडसमोर, बऱ्यापैकी चालतं. स्क्रीनवर एक परदेशी जोडपं, पांढरी शिडाची बोट आणि बादलीत नीळ कालवल्यासारखं पाणी. म्हणाला, "सर, ही माणसं वर्षानुवर्षं नुसती फिरतात. ह्यांना पैसे देतं कोण?" मी तोंड उघडायच्या आत पुढचं वाक्य आलं. "मी दुकान भाड्याने देऊन टाकतोय. चॅनल फुलटाइम करणार."

पहिल्या प्रश्नाचं उत्तर शोधल्याशिवाय दुसऱ्या वाक्यावर मत देण्यात अर्थ नव्हता. त्याला म्हटलं, पंधरा दिवस थांब. आणि मग मी रोज रात्री दुकान वाढवलं की बोटींचे व्हिडिओ बघायला बसलो, वही-पेन घेऊन. बायको म्हणाली, अभ्यासाच्या नावाखाली मजा चाललीय. थोडी होतीच. व्हिडिओत सगळं बसलं नाही, म्हणून हा लेख.

खर्चाची बाजू मला शिकवायला नको, कारण माझं हार्डवेअरचं दुकान रत्नागिरीत मिरकरवाडा बंदरापासून फार लांब नाही. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा बोटी वर काढतात आणि माझ्याकडे रंग, दोर, रेझिन, फायबर मॅट, नट-बोल्ट यांचा सीझन असतो. आमच्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी एक तांडेल दरवर्षी बिल बघून तेच म्हणतात, "बाबू, बोट किनाऱ्याला झोपलेली असली तरी जेवते." शिडाच्या बोटीचंही तसंच. वारा फुकट, बाकी सगळं विकत. तळाला शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून खास रंग, त्यासाठी क्रेनने बोट बाहेर काढायची. डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या स्टीलच्या तारा दहा-बारा वर्षांत बदलाव्या लागतात. शिडं उन्हाने कुजतात. बंदरात उभं राहायचं भाडं. विमा वेगळा, आणि अटलांटिकमध्ये जून ते नोव्हेंबर चक्रीवादळांचा काळ असतो, तेव्हा बरेच विमावाले म्हणतात त्या पट्ट्यातून बोट हलवा. बोटवाल्यांमध्ये एक ढोबळ हिशेब चालतो: बोटीच्या किमतीच्या दहा टक्के दरवर्षी देखभालीला बाजूला ठेवा. म्हणजे तुमच्या दुकानाच्या जागेची किंमत चाळीस लाख असेल, तर नुसत्या डागडुजीला वर्षाला चार लाख. विचार करा!

मग हे येतात कुठून?

सगळ्यात प्रसिद्ध चॅनल 'सेलिंग ला व्हॅगाबॉन्ड'. रायली आणि इलेना, ऑस्ट्रेलियन. रायलीने समुद्रातल्या तेलविहिरींवर नोकरी करून पैसे साठवले आणि इटलीत एक वापरलेली 43 फुटी बोट घेतली. बोट चालवण्याचा अनुभव जवळपास शून्य. 2014 मध्ये चॅनल सुरू केलं. आज दहा लाखांहून जास्त सबस्क्रायबर आहेत, मधल्या काळात दोन तळांची कॅटमरॅन आणि त्यानंतर तीन तळांची 60 फुटी बोट आली. 2019 च्या नोव्हेंबरात ग्रेटा थनबर्गला अमेरिकेतून युरोपात हवामान परिषदेला जायचं होतं, विमानाने जायचं नव्हतं, तर ह्यांनीच तिला व्हर्जिनियातून लिस्बनला नेऊन सोडलं. परिषद चिलीहून अचानक माद्रिदला हलवली होती म्हणून सगळी धावपळ. जगभर बातम्या झाल्या.

आपला मुलगा हे बघतो. 60 फुटी बोट बघतो. त्याला वाटतं व्ह्यूज आले की पैसा आला. इथेच गणित चुकतं, म्हणून जरा हळू वाचा.

यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा मिळायला 1000 सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत 4000 तासांचं बघणं लागतं. मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीचे 55 टक्के चॅनलवाल्याला, 45 यूट्यूबला. आता समजा (हे समजाच आहे, कोणाचा खरा आकडा नाही) एका व्हिडिओला एक लाख व्ह्यूज आले आणि हजारामागे हातात तीन डॉलर पडले. झाले 300 डॉलर. महिन्याला चार व्हिडिओ, म्हणजे 1200. एका क्रेनच्या बिलात आणि थोड्या रंगात संपले.

आता दुसरी बाजू. 2013 मध्ये पॅट्रिऑन नावाची वेबसाइट आली. तिचं काम इंग्रजीत लोक फार भारी शब्दांत सांगतात, पण आपल्याकडे त्याला सोपा शब्द आहे: रतीब. दूधवाल्याचा असतो तो. तुम्ही ठरवून टाकलंत की अमुक माणसाला मी ठरावीक रक्कम देणार, की ती आपोआप जाते. पॅट्रिऑनवर तर बरीच वर्षं दर महिन्याऐवजी 'दर व्हिडिओमागे' अशीही सोय होती. दूध आलं तर पैसे. त्याच एक लाख बघणाऱ्यांपैकी फक्त 400 जणांनी व्हिडिओमागे तीन डॉलरचा रतीब लावला असं धरा. एका व्हिडिओचे 1200, चारांचे 4800. वेबसाइटचं कमिशन जाऊ दे बाजूला. हजारात चार माणसं, आणि ती चार माणसं बाकीच्या 996 जणांच्या चौपट पैसे देतात!

बोटवाल्या चॅनलांना हे लवकर कळलं, कारण त्यांचा धंदा तसाच आहे. एकेका भागात काही फार घडत नाही. पंप बिघडतो, वारा पडतो, कोणीतरी मासा पकडतं. पण पुढच्या आठवड्यात त्या पंपाचं काय झालं हे बघायला माणूस परत येतो. आणि ते व्हिडिओ घडलेल्या गोष्टीच्या कितीतरी आठवडे, कधी महिने मागे असतात. म्हणजे गोडाऊनमध्ये माल आहे. बोट दुरुस्तीला लागली, कोणी आजारी पडलं, तरी दुकान उघडं. रतीबवाल्यांना तोच माल दोन दिवस आधी मिळतो, एवढाच फरक, पण लोकांना तो आवडतो. आपल्यापैकी किती जणांकडे आजारपणाच्या महिन्याची अशी तयारी आहे?

'सेलिंग उमा' हे चॅनल बघा. आर्किटेक्चर शिकलेल्या नवरा-बायकोने 1972 ची 36 फुटी बोट सुमारे 3000 डॉलरला घेतली, स्वतः दुरुस्त केली, डिझेल इंजिन काढून इलेक्ट्रिक मोटर बसवली आणि पार उत्तरेला स्वालबार्डपर्यंत गेले. त्यांचे बघणारे बोटीपेक्षा हिशेबाच्या आणि जुगाडाच्या प्रेमात आहेत असं मला वाटतं.

पण माझं सगळ्यात आवडतं चॅनल असं निघालं जिथे बोट कित्येक वर्षं पाण्यातच नव्हती. 'टॅली हो' नावाची लाकडी बोट, 1910 मध्ये इंग्लंडात बांधलेली. 1927 च्या फास्टनेट शर्यतीत एवढं वादळ झालं की फक्त दोन बोटी शर्यत पूर्ण करू शकल्या, त्यात ही जिंकली. पुढे जगभर फिरून, खडकावर आपटून, शेवटी अमेरिकेत ओरेगॉनच्या एका बंदरात सडत पडली होती. लिओ गूल्डन नावाच्या इंग्रज तरुण सुताराने ती 2017 मध्ये एका पौंडाला घेतली. एक पौंड! आणि मग कळलं की वाचण्यासारखं लाकूड फारच थोडं आहे. आतली फासळी न् फासळी, बाहेरची फळी न् फळी नवीन. 2024 मध्ये ती परत पाण्यात उतरली. सात वर्षं. पोपट पाळलेला होता तिथे, तो मधेमधे ओरडायचा, बाकी करवत आणि रंधा.

ह्याला पैसे कोणी दिले? मुख्यतः बघणाऱ्यांनी. समुद्र नाही, पोहण्याचे कपडे नाहीत, सूर्यास्त नाही. मी विचार करत होतो की ह्याला लोक पैसे का देतात, आणि मग आमच्या वाडीतल्या देवळाचा जीर्णोद्धार आठवला. मुंबईला गेलेले चाकरमानी, जे वर्षातून एकदा येतात, त्यांनी दरमहा वर्गणी पाठवली. त्यांना पावती नको होती, फोटो हवे होते. आज खांब उभा राहिला, आज कौलं चढली. लिओने सात वर्षं तेच केलं: पैसे कुठे गेले ते फळीनिशी दाखवलं.

काही लोक म्हणतात ही सरळसरळ भीक आहे, स्वतःच्या सहलीसाठी जगाकडे मागायचं. मला ते पटत नाही. दर आठवड्याला वीस-पंचवीस मिनिटांचं काम वेळेवर देणं, त्यासाठी कित्येक तास एडिटिंग, आणि इंटरनेटसाठी पूर्वी बंदरातला कॅफे शोधत फिरणं (आता सॅटेलाइटमुळे सोपं झालं), ही मेहनत आहे. माल दिला, पैसे घेतले. हां, पण काही चॅनलांचा सूर मला खटकतो. दर दुसऱ्या भागात "इंजिन गेलं, आता तुम्हीच आधार" असं. उधारी मागायला येणारं गिऱ्हाईक जसं दुकानाबाहेरूनच चेहरा पाडून येतं, तसं. आणि थंबनेलवर कमी कपड्यांचे फोटो लावून व्ह्यूज ओढायचे, आत मात्र पंपाची दुरुस्ती. त्याने गर्दी होते. रतीब लागत नाही.

जाता जाता: बॅचमध्ये कोणीतरी विचारतंच, आपल्याकडे असं कोणी नाही का? समुद्रात जाणारे आहेत. कमांडर दिलीप दोंदे 2009-10 मध्ये गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'वरून एकट्याने पृथ्वीला फेरी मारून आले, असं करणारे पहिले भारतीय. पण ती मोहीम नौदलाची होती, गल्ल्याचा प्रश्न नव्हता.

तिसरा पैसा स्पॉन्सरचा. सोलर पॅनल, कपडे, ॲप, काहीही. इथे माझी स्वतःची गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर मी तुम्हाला अर्धवट शिकवलं असं होईल.

तीन वर्षांपूर्वी एका बिलिंग ॲपच्या कंपनीने मला एका व्हिडिओसाठी पंचवीस हजार दिले. नाव घेत नाही. मी ते ॲप दुकानात चार दिवस वापरलं होतं, चार दिवस! कॅमेऱ्यासमोर मात्र असा बोललो जसं काही वर्षभर वापरतोय. आठ महिन्यांनी कंपनीने फोन उचलणं बंद केलं, आणि लोकांचा डेटा आत अडकला. अकरा दुकानदारांचे फोन आले. चिपळूणला फरसाणचं दुकान चालवणाऱ्या एक काकू तर एसटीने रत्नागिरीला आल्या, पिशवीत बिलांची चवड घेऊन. जीएसटी रिटर्नची तारीख तोंडावर. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "तू सांगितलंस म्हणून घेतलं रे बाळा." दोन रात्री बसून मी त्यांच्या एंट्र्या एक्सेलमध्ये घातल्या. व्हिडिओ काढून टाकला. पैसे दिले आहेत हे व्हिडिओत सांगावं असा जाहिरात क्षेत्राच्या मानक परिषदेचा नियम 2021 पासून आहे. मी तो पाळला होता, कोपऱ्यात छोट्या अक्षरात. काकूंच्या मोबाईलवर ते दिसतसुद्धा नव्हतं.

म्हणून आता बोटवाल्यांचे व्हिडिओ बघताना स्पॉन्सर आला की मी एकच बघतो: ही वस्तू मागच्या भागांत बोटीवर होती का? रतीबावर जगणाऱ्याला नाही म्हणता येतं. फक्त व्ह्यूजवर जगणाऱ्याला ते जड जातं, मला गेलं तसं.

तर आपला मुलगा. पंधरा दिवसांनी आला तेव्हा त्याला त्याच्याच चॅनलचं बँकेतलं जमा दाखवायला सांगितलं. अकरा हजार सबस्क्रायबर. यूट्यूब 100 डॉलर साठल्याशिवाय पैसे सोडत नाही, त्यामुळे वर्षभरात फक्त दोनदा पैसे आले होते. मराठी बघणाऱ्यांवर जाहिरातवाले अमेरिकेतल्या बघणाऱ्यांएवढा खर्च करत नाहीत, हे त्याला तोवर कोणी सांगितलं नव्हतं. दुकानाचा तेवढाच नफा त्याला किती दिवसांत होतो असं विचारलं, तर तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "सर, गणपतीत पाच दिवसांत."

मी त्याला चॅनल बंद कर म्हटलं नाही. म्हटलं, मेंबरशिप सुरू कर, महिना 59 रुपये, यूट्यूबचा वाटा जाऊन सत्तर टक्के तुझे. बदल्यात दर शनिवारी मोबाईल रिपेअरिंगचा एक व्हिडिओ, न चुकता. किती जण रतीब लावतात बघ, मग दुकानाच्या भाड्याचं बोलू. त्याने आधी विचारलं तेव्हा कमेंटमध्ये सत्तावीस जण "नक्की दादा" म्हणाले.

महिन्याअखेरीस मोजले. नऊ. त्यातले चार त्याच्या दुकानाचीच गिऱ्हाइकं निघाली.