जुनेराला चढलेला भाव

पोलादपूर-महाडच्या खोऱ्यात साडीचं आयुष्य मोठं. नेसून विरली की जुनेर, मग तान्ह्याचं दुपटं, पुढे वाकळेतला थर आणि उरलंसुरलं फडकं चुलीवरचं भांडं उतरवायला. ज्या साड्या एवढा पल्ला गाठत नाहीत, त्या बोहारणीच्या गाठोड्यात जातात आणि बदल्यात घरात स्टीलचं पातेलं येतं.

मुंबईत अशा वापरलेल्या साड्यांचा मोठा बाजार भरतो. जुन्या साड्यांतूनच ‘आय वॉज अ सारी’ या मुंबईच्या ब्रँडचे पोशाख आणि पिशव्या तयार होतात. स्टेफानो फुनारी या इटालियन उद्योजकाने २०१३ मध्ये तो सुरू केला. शिवणकाम आणि भरतकाम करतात त्या मुंबईच्या गरीब वस्त्यांमधल्या बायका. २०१९ मध्ये लॅक्मे फॅशन वीकमध्ये टाकाऊ साहित्यातून फॅशन घडवणाऱ्यांसाठी ‘सर्क्युलर डिझाइन चॅलेंज’ ही स्पर्धा पहिल्यांदा झाली, तेव्हा विजेता ठरला तो हाच ब्रँड. गुच्चीसारख्या बड्या इटालियन कंपनीने या बायकांच्या भरतकामाच्या प्रशिक्षणाला पाठबळ दिलं. पुण्यात करिश्मा शहानी खान यांचं ‘का-शा’ हे लेबलही कापडाची कात्रणं आणि जुने कपडे नव्या पोशाखात बसवतं.

या दोन्ही ठिकाणी जुनं कापड कापतात आणि जोडतात. त्याचा पुन्हा कापूस करत नाहीत. त्यामागे भौतिक कारण आहे.

आपल्याकडच्या नेहमीच्या कापसाचा तंतू साधारण २५ ते ३० मिलिमीटर लांब असतो. या लांबीवरच सुताचा पीळ टिकतो. जुनं कापड यंत्राच्या दात्यांनी पिंजलं की तंतू तुटतात, बरेच तर निम्म्यावर येतात. आखूड तंतूंचं सूत जाड आणि कमजोर होतं, म्हणून त्यात नवा कापूस किंवा पॉलिएस्टर मिसळावं लागतं. पानिपतचे कारखाने वर्षानुवर्षं जगभरातले जुने लोकरी कपडे पिंजून स्वस्त ब्लँकेटं विणत आले आहेत. ते मोठं, उपयोगी काम आहे. पण त्यातून तलम पैठणीचा पोत परत येणार नाही. साडी न पिंजता नुसती कापली, तर विणकराने घातलेली सगळी मेहनत शाबूत राहते. काठ काठच राहतो.

दुसरी वाट रसायनाची. कापूस म्हणजे सेल्युलोज, साखरेच्या रेणूंची लांब साखळी. योग्य द्रावकात ती विरघळवून बारीक छिद्रांतून दाबली की नवा तंतू निघतो. लायोसेल नावाचा धागा असाच बनतो आणि त्यातलं द्रावक ९९ टक्क्यांहून अधिक परत मिळवता येतं. गंमत अशी की धुऊन-वापरून कापसाच्या साखळ्या आखूड होतात, आणि पिंजताना जो दोष ठरतो तोच विरघळवताना सोयीचा पडतो. पण हे तंत्र धंद्यात उतरवणं सोपं नाही. जुन्या सुती कपड्यांपासून लगदा करणारी स्वीडनची रीन्यूसेल कंपनी २०२४ च्या फेब्रुवारीत दिवाळखोरीत गेली. नंतर नव्या मालकाने तिचं काम ‘सर्क्युलोज’ या नावाने हाती घेतलं. एलेन मॅकार्थर फाउंडेशनच्या २०१७ च्या अहवालानुसार, कपड्यांसाठी लागणाऱ्या मालापैकी एक टक्काही पुन्हा कपड्यांच्या रूपात परत येत नाही.

खरी अडचण मिश्रणाची आहे. सुती-पॉलिएस्टर एकत्र विणलं की दोघांना वेगळं करणं महागात पडतं, त्यात ताणला जाणारा इलास्टेन असला तर आणखीच. कापड कशाचं आहे ते अवरक्त किरणांनी ओळखणारी यंत्रं आली आहेत, मात्र गडद काळ्या कापडावर ती चाचपडतात. आणि ओल ही आणखी वेगळी गोष्ट. २२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारी नद्यांचं पाणी महाड शहरात शिरलं, तेव्हा घराघरांतले कपडे चिखलात गेले. गाळ आणि सांडपाणी मुरलेल्या कापडाला ना पिंजणाऱ्याकडे जागा, ना विरघळवणाऱ्याकडे.

महाडच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे अनेक कारखाने आहेत, तेव्हा कापड विरघळवण्याचा प्रकल्पही इथेच का नको, असा प्रश्न कुणी विचारू शकेल. पण सावित्रीने रासायनिक सांडपाणी पुष्कळ सोसलं आहे. या खोऱ्याला सुईचा मार्ग अधिक मानवेल. वाकळेत एकावर एक घातलेल्या थरांमध्ये हवा अडकून राहते आणि ऊब धरते. धावदोऱ्याच्या जवळजवळ टाकलेल्या टाक्यांमुळे ताण सगळ्या थरांत वाटला जातो, म्हणून विरलेलं कापडही आणखी वर्षं काढतं. महागड्या दुकानात जाकिटावर दिसणारा टाकाही हाच.

इथल्या महिला बचत गटांनी या बाजारात उतरायचं ठरवलं, तर पहिलं काम निवडीचं. त्याला यंत्र लागत नाही. साडीच्या टोकाचं सूत काढून जाळलं की सुती असेल तर जळलेल्या कागदाचा वास येतो आणि भुरभुरीत राख उरते. पॉलिएस्टर वितळून त्याची कडक काळी गोळी होते. सुती एकीकडे, मिश्र दुसरीकडे, काठपदर तिसरीकडे लावले की मग टाक्यांचा हिशेब: एका जाकिटाला किती तास लागले आणि त्या तासांचा दर काय, हे विक्रीच्या किमतीआधी ठरायला हवं.