उजव्या खुर्चीतला माणूस

चाकण-भोसरीच्या कारखान्यांत विदर्भातली मुलं भरपूर. सुट्टी संपवून परतताना त्यांच्यातले काही हल्ली नागपूर-पुणे विमान धरतात. 17 ऑगस्ट 2023 रोजी त्याच मार्गावरचं इंडिगोचं विमान पुण्याला घेऊन येणार असलेले कॅप्टन नागपूरच्या बोर्डिंग गेटजवळ कोसळले. वय अवघं चाळीस. त्यांना रुग्णालयात नेलं, पण ते वाचले नाहीत. आदल्या दिवशी पहाटे ते तिरुवनंतपुरमहून पुणेमार्गे नागपूरला आले होते, आणि त्यानंतर त्यांना 27 तासांची विश्रांतीही मिळालेली होती.

हेच तासाभराने, हवेत घडलं असतं तर? याचं उत्तर नागपूरनेच दोन वर्षं आधी पाहिलं होतं. 27 ऑगस्ट 2021 रोजी बिमान बांगलादेशचं मस्कत-ढाका बोइंग 737 रायपूरजवळ असताना कॅप्टन नौशाद अताउल कय्यूम यांना हृदयविकाराचा झटका आला. फर्स्ट ऑफिसरने कोलकात्याच्या नियंत्रण कक्षाशी संपर्क साधला. जवळचा विमानतळ म्हणून नागपूर ठरलं आणि 124 प्रवासी तिथे सुखरूप उतरले. कॅप्टन मात्र तीन दिवसांनी, 30 ऑगस्टला नागपुरातच वारले. उजव्या खुर्चीत बसलेल्या त्या फर्स्ट ऑफिसरबद्दल मला फार आदर वाटतो. शेजारी आपला वरिष्ठ तडफडतोय आणि त्याच्याकडे वळायच्या आधी विमान सांभाळायचं, हे लिहायला सोपं आहे.

अशा वेळचा क्रम ठरलेला असतो. आधी विमानाचा ताबा घ्यायचा आणि तसं मोठ्याने म्हणायचं. ऑटोपायलट चालू आहे याची खात्री करायची. मग केबिन क्रूला आत बोलवायचं. ते आजारी वैमानिकाचे खांद्याचे पट्टे आवळून कुलूपबंद करतात, खुर्ची मागे सरकवतात आणि त्याचे पाय पेडलपासून दूर घेतात, कारण बेशुद्ध माणूस पुढे कलंडला तर सगळा भार कंट्रोलवर येतो. प्राणवायू, प्रवाशांत कुणी डॉक्टर आहे का याचा शोध, हे सगळं त्यानंतर.

माझी नोकरी यंत्रसुरक्षेची आणि वाचनाचं वेड विमान अपघातांच्या चौकशी अहवालांचं. आमच्या पट्ट्यातल्या प्रेस शॉपमध्ये कामगाराचे दोन्ही तळवे दोन बटणांवर असल्याशिवाय प्रेस खाली येत नाही. लोकलच्या मोटरमनचा हात हँडलवरून सुटला की ब्रेक लागतात. गाडी उभी राहिली की प्रश्न मिटला. विमान मात्र हवेत उभं करता येत नाही. म्हणून तिथे माणसावर लक्ष ठेवायला दुसरा माणूसच लागतो.

आणि खरा धोका कोसळणाऱ्या माणसाचा नाहीच. कोसळलेला निदान दिसतो. डोळे उघडे, मान ताठ, हात जागेवर, पण डोकं चालत नाही, अशा माणसाचं काय करायचं? 18 जून 1972 रोजी हीथ्रोहून ब्रुसेल्सला निघालेलं ट्रायडेंट विमान तीन मिनिटांच्या आत स्टेन्सजवळ पडलं. 118 जण गेले. पंखाच्या पुढच्या कडेचे, कमी वेगात विमान तोलून धरणारे भाग वेळेआधी मिटवले गेले होते. वेग कमी पडत होता आणि तो कुणीच सावरला नाही. शवविच्छेदनात कॅप्टनच्या हृदयाच्या रोहिणीला ताजी इजा सापडली. उजव्या खुर्चीत 22 वर्षांचा पोरगा होता. हा अहवाल मी पुनःपुन्हा वाचतो आणि दर वेळी त्या पोरापाशी अडखळतो.

विमान कंपन्यांनी आज अंगी बाणवलेला नियम नेमका त्याच्यासारख्यांसाठी आहे. दोनदा बोलूनही योग्य उत्तर आलं नाही, किंवा विमान ठरल्या मार्गावरून ढळतंय हे सांगूनही प्रतिसाद आला नाही, तर समोरचा आजारी आहे असं धरा आणि ताबा घ्या. एअरबस धावपट्टीवर धावत असताना एक वैमानिक ‘वन हंड्रेड नॉट्स’ म्हणतो, दुसरा ‘चेक्ड’ म्हणतो. त्यात वेगमापकांची पडताळणी होते आणि दुसरा शुद्धीवर आहे हेही कळतं. आपल्याकडे ‘साहेबांना कसं टोकायचं’ हे लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं; शॉप फ्लोअरवर ते मी रोज पाहतो. म्हणून हा नियम मला कुठल्याही उपकरणाहून मोठा वाटतो.

जेवणाचंही सांगायलाच हवं, कारण वैमानिकांना उड्डाणात निकामी करणाऱ्या कारणांत पोटाचे विकार सर्वांत जास्त. फेब्रुवारी 1975 मध्ये कोपनहेगनकडे जाणाऱ्या जपान एअरलाइन्सच्या जंबोत न्याहारीच्या हॅम-ऑम्लेटने 196 प्रवासी आणि एक हवाई सेविका आजारी पडली. स्वयंपाक्याच्या बोटावरच्या जखमेतले जंतू अन्नात गेले होते. वैमानिकांच्या शरीराच्या घड्याळात ती रात्रीच्या जेवणाची वेळ होती, म्हणून त्यांनी ऑम्लेट नाकारलं आणि ते बचावले. दोन वैमानिकांनी वेगवेगळं जेवण घ्यायचं, यामागचं कारण हेच.

बाकी नियम थोडक्यात: दरवर्षी वैद्यकीय तपासणी, साठीनंतर दर सहा महिन्यांनी. हवाई वाहतुकीचं नियमन करणाऱ्या डीजीसीएच्या नव्या नियमांत आठवड्याची सलग विश्रांती 36 वरून 48 तास झाली. नोव्हेंबर 2025 मध्ये या नियमांचा दुसरा टप्पा लागू झाला आणि डिसेंबरात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, तेव्हा अनेकांनी नियमांनाच दोष दिला. मला तो दोष अन्याय्य वाटतो. नियोजन कंपनीने करायचं असतं. खर्च वाचवायला प्रवासातला काही काळ कॉकपिटमध्ये एकच वैमानिक ठेवावा, असाही विचार जगात चालू आहे. माझा त्याला स्पष्ट विरोध आहे.

प्रकृती ठीक नसताना उड्डाण न करणं हे वैमानिकाचं कायदेशीर कर्तव्य आहे. तेव्हा पुण्याच्या लोहगाव विमानतळावर कधी वैमानिक आजारी आहे म्हणून विमानाला उशीर झाला, तर काउंटरवरच्या मुलीवर ओरडू नका. आणि तुम्ही डॉक्टर असाल, तर विमानात हाक आल्यावर हात वर करा.