प्रतिज्ञा, हेतू आणि क्वांटिटी सर्व्हेअरचा बायोडेटा

मंडळी, मागच्या व्याख्यानात आपण प्रमाणांविषयी बोललो. एखादं विधान खरं कशावरून मानायचं, हा त्यातला मुख्य प्रश्न. शेवटी एका तरुणानं विचारलं, "सर, नोकरीच्या अर्जात याचा काही उपयोग होतो का?" हशा पिकला. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. हा मुलगा सिव्हिलचा डिप्लोमा झालेला. क्वांटिटी सर्व्हेअरच्या जागांसाठी कितीतरी अर्ज केले, बोलावणं एकही नाही. आम्ही त्याला बायोडेटा घेऊन घरी बोलावलं.

आधी हे काम काय, ते बघू. ड्रॉइंगवरून काँक्रीट किती, स्टील किती, प्लास्टर किती हे काढायचं, बीओक्यू तयार करायचा, झालेलं काम साइटवर मोजायचं, आर.ए. बिलं तपासायची. थोडक्यात, याच्या आकड्यावर विश्वास ठेवून दुसरा माणूस पैसे देतो. म्हणजे त्याचा बायोडेटा हा त्यानं दाखवलेला पहिला हिशेबच म्हणायचा.

या मुलाच्या बायोडेटात पहिली ओळ होती, "८० कोटींच्या प्रकल्पाचे बिलिंग सांभाळले." आम्ही विचारलं, "यातलं तू स्वतः काय मोजलंस?" तो गप्प झाला. मग म्हणाला, "दोन विंगचं प्लास्टर आणि वीटकाम. बाकी सीनियर बघायचे."

आपल्या न्यायदर्शनात अनुमान मांडताना नुसती प्रतिज्ञा चालत नाही, हेतू द्यावा लागतो. डोंगरावर आग आहे म्हणालात तर धूर दाखवा. "मेहनती", "डिटेलिंगमध्ये पक्का" या सगळ्या नुसत्या प्रतिज्ञा. आणि ८० कोटींची ओळ तर त्याहून धोक्याची, कारण मुलाखतीत कोणी बोट ठेवलं की तिथे धूरच सापडणार नाही.

मग आम्ही सहज विचारलं, भिंतीला दोन्ही बाजूंनी प्लास्टर आहे, खिडकी १.२ बाय १.५ मीटर, वजावट किती? तो लगेच म्हणाला, "१.८ चौरस मीटर. आय.एस. १२०० प्रमाणे ०.५ पर्यंत वजावट नाही. ०.५ ते ३ च्या मध्ये, दोन्हीकडे एकच प्लास्टर असेल तर एकाच बाजूची वजा करायची, दुसऱ्या बाजूत जांब-सोफिटची भरपाई धरतात. ३ च्या वर दोन्ही बाजू वजा, आणि जांब वेगळे मोजायचे." बघा! जे खरोखर त्याचं होतं, ते बायोडेटात कुठेच नव्हतं. छोटं वाटलं म्हणून त्यानंच गाळलं होतं.

आम्ही दोघांनी ती ओळ नव्यानं लिहिली : "निवासी प्रकल्प, दोन विंग. प्लास्टर व वीटकामाचे साइटवर मोजमाप, आय.एस. १२०० नुसार. सब-कॉन्ट्रॅक्टरच्या बिलांची एमबीशी पडताळणी." प्रकल्पाची किंमत लिहायला हरकत नाही, पण आपला वाटा तिच्या शेजारीच हवा.

आणखी काही गोष्टी. आपल्याकडे साइटवर या माणसाला बरेचदा बिलिंग इंजिनिअर म्हणतात, आखातात क्वांटिटी सर्व्हेअर. पद खरं होतं तेच लिहा आणि काम पुढे स्पष्ट करा. मोजमापाची पद्धतही लिहा. आखातात पोमी, ब्रिटनमध्ये एनआरएम २ असं विचारलं जातं. ज्या पद्धतीनं मोजलं नाही, ती "शिकतो आहे" म्हणूनच लिहा. एक्सेल, ऑटोकॅड येतं म्हणताना त्यावर काय केलं, तेही सांगा. जाहिरात नीट वाचा : कंत्राटदाराला बिलं वेळेवर लावणारा माणूस हवा असतो, सल्लागाराला ती तपासणारा. त्याप्रमाणे ओळींचा क्रम बदला, मजकूर खोटा करू नका. जुन्या मालकाचे दर मात्र कुठे छापू नका. आजचे उघडे केलेत, तर उद्या आमचेही कराल, असंच नवा मालक म्हणेल. शेवटी बेरजा आणि तारखा दोनदा तपासा. ज्याच्या स्वतःच्या नोकरीचे महिने जुळत नाहीत, त्याच्या हातात बीओक्यू कोण देईल?

परवा त्याचा फोन आला, एका ठिकाणी मुलाखतीला बोलावलंय. नोकरी लागेलच असं आम्ही म्हणत नाही. पण आता कुठल्याही ओळीवर बोट ठेवलं, तरी त्याला हेतू देता येईल.