मिशाळ माशाचा दिवस

एदो (आजचं टोकियो), नोव्हेंबर १८५५. ११ तारखेच्या रात्री दहाच्या सुमारास जमीन हलली, पाठोपाठ आगी लागल्या आणि हजारो माणसं गेली. काही दिवसांतच शहरात भूकंपाची विनोदी चित्रं विकली जाऊ लागली. ती छापणाऱ्यांचा एक दिवस असा गेला असेल.

पहाटेचे सहा टोल. एदोत उजाडल्यापासून मावळेपर्यंतच्या वेळेचे सहा भाग करत, त्यामुळे हिवाळ्यात प्रत्येक भाग आखूड. चेरीच्या गुळगुळीत फळीवर चित्रकाराचा पातळ कागद उलटा डकवून कोरणारा लगेच सुरी चालवू लागतो.

टोल उतरत जातात: पाच, मग चार; दुपारी पुन्हा नऊपासून. रेघांमधून जुनी कथा वर येते. जमिनीखाली नामाझू हा मिशाळ मासा आहे; तो हलला की भूकंप होतो. काशिमाचा देव त्याला शिळेखाली दाबून धरतो. पण तिथल्या चांद्र वर्षाच्या दहाव्या महिन्यात सगळे देव इझुमोला जातात, मागे राखणीला एकटा एबिसू. भूकंप नेमका त्याच महिन्याच्या दुसऱ्या तारखेचा! म्हणून चित्रात एबिसूला डुलकी लागली आहे. आप्तांना नुकताच अग्नी दिलेल्या माणसांना हसू द्यायला यापेक्षा दयाळू कल्पना मला माहीत नाही.

दुपारचे नऊ. दोन घास खाऊन पुन्हा काम.

आठ टोल. आता छपाई. ओलसर कागद फळीवरच्या खुणांना टेकवायचा आणि बांबूच्या पानात गुंडाळलेल्या चकतीने पाठीवरून घासायचा. दर रंगाची फळी वेगळी. खूण केसभर चुकली तरी मिशा माशाच्या तोंडापासून सुटतात. आता छापल्या जाणाऱ्या वेगळ्या चित्रात सुतार, गवंडी, छपरं शाकारणारे माशाला मेजवानी देताहेत, कारण पडलेलं शहर उभारण्याची मजुरी त्यांनाच मिळणार. आणखी एका चित्रात धनिकांच्या पोटातून नाणी बाहेर पडताहेत. भूकंपाने कोण बुडालं आणि कोण तरलं, हे इतकं उघड सांगायला त्या काळी दंतकथेचाच आधार होता.

सात टोल. गठ्ठे विक्रीला निघतात. कागदावर ना चित्रकाराची सही, ना तपासनिसाचा शिक्का. असं एक चित्र तरुण कावानाबे क्योसाईने काढलं होतं, मजकूर कानागाकी रोबूनचा.

संध्याकाळचे सहा. उद्याचं रेखाटन येऊन पडलं आहे: मासे काशिमाच्या देवापुढे हात जोडून माफी मागताहेत. अशी दोनशेहून अधिक चित्रं निघाली. जेमतेम दोन महिन्यांत सरकारने बंदी घालून फळ्या नष्ट करायला लावल्या.