हसवणाऱ्याचा स्वाभिमान

तमाशाच्या वगात सोंगाड्या राजालाही टोमणे मारतो. परंतु फड उठला की त्याला मुकाट्याने गावकुसाबाहेर जावे लागे. लोकांना त्याचे हसवणे हवे होते, तो माणूस म्हणून नको होता. ज्या समाजाच्या ब्लॅक पँथरवरून १९७२ साली आपल्या दलित पँथरने नाव घेतले, त्या अमेरिकन काळ्या समाजातील विनोदवीर रिचर्ड प्रायरने हा सौदा नाकारला.

१९४० साली पिओरिया शहरात जन्मलेला प्रायर आजीच्या कुंटणखान्यात वाढला. सुरुवातीला तो बिल कॉस्बीच्या धर्तीवर निरुपद्रवी विनोद करी. गोरे प्रेक्षक खूश होत. १९६७ साली लास वेगासमध्ये भर कार्यक्रमातून तो निघून गेला. पुढे त्याने वस्तीतले दारुडे, भणंग आणि पोलिसांचा मार खाणारी माणसे मंचावर आणली. काळ्यांना हिणवणारा शब्दही तो बेधडक वापरी. तो शब्द नावातच असलेल्या त्याच्या १९७४ च्या ध्वनिमुद्रिकेला ग्रॅमी मिळाले.

शरीर मात्र साथ देईना. १९७७ साली हृदयविकाराचा झटका आला. १९८० साली कोकेनच्या नशेत त्याने स्वतःला पेटवून घेतले. अर्ध्याहून अधिक अंग भाजले. १९८२ च्या चित्रपटात त्याने मंचावरून दोन गोष्टी सांगितल्या. एक, व्यसनाने आपली काय दशा केली. दुसरी, केनियाला जाऊन आल्यावर तो हिणवणारा शब्द आपण कायमचा सोडला.

१९८६ साली मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराचे निदान झाले. हातपाय निकामी होत गेले, तरी चाकाच्या खुर्चीत बसून त्याने कार्यक्रम केले. १९९८ साली पहिला मार्क ट्वेन पुरस्कार त्याला मिळाला. १० डिसेंबर २००५ रोजी, मानवी हक्क दिनीच, तो गेला.

वकील म्हणून मला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. १९८९ चा अत्याचार प्रतिबंध कायदा जातीवरून चारचौघांत अपमान करणाऱ्याला शिक्षा देतो. पण आपल्याच वस्तीत आपणच थट्टेने एकमेकांना त्याच शब्दांनी हाक मारतो, तिथे कोणते कलम लावणार? तो शब्द ज्याचा त्यानेच सोडायचा असतो. पंचशीलातील पाचवे शीलही कोर्टाच्या हुकमाने पाळले जात नाही. प्रायर निष्कलंक नव्हता. पण आपली चूक त्याने मंचावर उभे राहून कबूल केली. बांधवांनो, आपल्यातले किती जण एवढे करतात?