हौसेने लोकर आणली, चार इंच विणलं आणि... स्वेटर अर्ध्यातच का अडकतो?

इन्स्टाग्रामवर तीस सेकंदांची एक रील येते. सुरुवातीला लोकरीचा गुंडा दिसतो, मग सुयांची टकटक ऐकू येते आणि शेवटी अंगावर मापात बसलेला स्वेटर. बघणाऱ्याला वाटतं, हे तर आपल्यालाही जमेल. दुसऱ्या दिवशी सुया आणि लोकर घरी येतात. तीन महिन्यांनी तीच लोकर, सुया आणि चार इंचांचं विणकाम कपाटातल्या एका पिशवीत सापडतं.

हे इतक्या जणांचं होतं की विणणाऱ्यांच्या जगात या प्रकाराला नावच पडलंय. हातात असलेल्या कामाला 'वर्क इन प्रोग्रेस' म्हणतात आणि पिशवीत जाऊन पडलेल्या कामाला 'अनफिनिश्ड ऑब्जेक्ट', म्हणजे थोडक्यात 'यूएफओ'. दोन-चार यूएफओ नाहीत असा विणकर शोधून सापडणार नाही.

मग काम अडकतं कुठे? घरचे म्हणतात, "आरंभशूर आहेस." पण विणकामातले चढउतार बऱ्यापैकी ठरलेले असतात. ते कुठे येणार हे आधी माहीत असेल तर अर्धवट पिशव्यांची संख्या नक्कीच कमी होते.

मुळात विणकाम चालतं कसं?

मागावर कापड विणताना उभे आणि आडवे धागे लागतात. सुयांवरच्या विणकामात मात्र एकच धागा पुरतो. त्या धाग्याच्या एका फासातून दुसरा फास ओढायचा, दुसऱ्यातून तिसरा. फास मागून पुढे ओढला की सुलट टाका, पुढून मागे ओढला की उलट टाका. एका बाजूने जो सुलट दिसतो तोच मागच्या बाजूने उलट दिसतो. स्वेटरच्या कडेची 'दोन सुलट, दोन उलट' ही पट्टी असो की पाठीवरची वेणीची नक्षी, सगळ्याचा पाया हे दोनच टाके.

या रचनेतून दोन गोष्टी होतात. पहिली, एक टाका सुईवरून निसटला की तो खालच्या ओळींमधून शिडीसारखा उसवत जातो. ओळीतले सगळे टाके सुईवर उघडेच असतात, त्यामुळे हा धोका कायम असतो. क्रोशामध्ये साधारणपणे एका वेळी एकच फास उघडा असतो, म्हणून तिथे एवढी भीती नसते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. विणलेलं सगळं उसवता येतं आणि लोकर परत मिळते. शिवणकामात कापड चुकीचं कापलं गेलं की ते गेलं. विणकामात चूक झाली तर जातो तो वेळ, लोकर फारशी वाया जात नाही.

पहिला झटका: मापाचा

सुरुवात मजेत जाते. रंग निवडायचा, नमुना निवडायचा, टाके घालायचे. दर ओळीला काहीतरी नवीन दिसत असतं. मग पाच-सहा इंच झाल्यावर कोणीतरी ते अंगाला लावून बघतं आणि लक्षात येतं की यात दोन माणसं मावतील.

यामागे साधं गणित आहे. एका इंचात किती टाके बसतात याला 'गेज' म्हणतात. समजा 40 इंच घेराचा स्वेटर हवा आहे आणि नमुन्यात इंचाला 5 टाके दिले आहेत. म्हणजे 200 टाके घालायचे. पण विणणारीचा हात थोडा सैल आहे आणि तिचे इंचाला साडेचारच टाके बसतात. तर त्याच 200 टाक्यांचा घेर 44 इंचांच्या पुढे जातो. हात घट्ट असेल आणि साडेपाच टाके बसत असतील, तर घेर साधारण 36 इंचांवर येतो. अर्ध्या टाक्याचा फरक, आणि स्वेटर एका माणसाऐवजी दुसऱ्यालाच होतो.

यावर उपाय जुनाच आहे. आधी चार-पाच इंचांचा चौकोनी तुकडा विणायचा, धुवायचा, वाळवायचा आणि मगच टाके मोजायचे. धुतल्यावर लोकर सैल होऊ शकते किंवा आटू शकते, म्हणून धुणं टाळायचं नाही. माप जुळलं नाही तर सुई बदलायची. टाके जास्त बसत असतील तर जाड सुई, कमी बसत असतील तर बारीक सुई.

एलिझाबेथ झिमरमन या विणकामातल्या गाजलेल्या लेखिका. 1971 साली आलेलं त्यांचं 'निटिंग विदाउट टीअर्स' हे पुस्तक आजही वाचलं जातं. त्यांची पद्धत सोपी होती. छातीच्या घेराला आपल्या हाताच्या गेजने गुणायचं, तो आकडा म्हणजे शंभर टक्के. बाही, गळा यांचे टाके त्याच्या टक्क्यांत काढायचे. दुसऱ्याच्या हाताचं माप आपल्या हातावर लादायचंच नाही, हा त्यामागचा विचार.

दुसरा झटका: लोकर संपते

अर्धा स्वेटर झाला, लोकर संपली. दुकानात जाऊन तोच रंग, तोच नंबर आणला. तरी विणल्यावर पाठीवर एक आडवी रेघ उठून दिसते.

याचं कारण लोकर रंगवण्याच्या पद्धतीत आहे. लोकर एका वेळी एका घाण्यात रंगवली जाते. पुढच्या घाण्यात तोच रंग वापरला तरी छटेत थोडा फरक पडतो. म्हणून गुंड्याच्या पट्टीवर रंगाच्या नंबरसोबत 'डाय लॉट' किंवा नुसता 'लॉट' नंबरही छापलेला असतो. खरेदी करताना सगळे गुंडे एकाच लॉटचे घ्यायचे आणि एखादा जास्तीचाच घ्यायचा. वेगळ्या लॉटची लोकर वापरावीच लागली तर काही इंच दोन ओळी जुन्या गुंड्याच्या, दोन ओळी नव्या गुंड्याच्या असं विणतात. मग फरक विरघळून जातो.

मधला कंटाळा

काम सर्वात जास्त अडकतं ते इथे. मघाचाच स्वेटर घेऊया. 200 टाक्यांची एक ओळ. इंचाला 7 ओळी धरल्या तर काखेपर्यंतच्या 15 इंचांना 105 ओळी लागतात. म्हणजे 21,000 टाके. नवशिक्या माणसाने मिनिटाला 20 टाके विणले तर साडेसतरा तास होतात. रोज अर्धा तास बसलं तर 35 दिवस. बाह्या आणि गळा अजून बाकीच आहेत.

स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवरच्या हेझल टिंडल यांनी 2008 साली एका स्पर्धेत 3 मिनिटांत 262 टाके विणले होते. त्या वेगानेसुद्धा हे 21,000 टाके विणायला चार तास लागतील. रीलमध्ये नेमके हेच तास कापलेले असतात.

क्लार्क हल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1932 साली उंदरांवरच्या प्रयोगांतून एक गोष्ट मांडली. खाऊ जसजसा जवळ येतो, तसतसा उंदीर जोरात धावतो. माणसाचंही बऱ्याचदा तसंच होतं, शेवट दिसायला लागला की हुरूप येतो. सुरुवातीला नवलाई असते आणि शेवटी घाई. मधल्या पंधरा इंचांना दोन्ही नाही.

मोजे विणणाऱ्यांचा अनुभव तर याहून मजेशीर. पहिला मोजा झपाट्याने होतो, दुसरा वर्षभर होत नाही. त्याला 'सेकंड सॉक सिंड्रोम' असं गमतीचं नाव आहे. दुसऱ्या मोज्यात पुढे काय होणार हे आधीच माहीत असतं, मग उत्सुकता उरत नाही.

म्हणून अनुभवी मंडळी काही युक्त्या करतात. दोन्ही मोजे किंवा दोन्ही बाह्या लांब गोल सुईवर एकदमच विणायच्या. रोज जिथून सुरुवात केली तिथे सेफ्टी पिन लावायची, म्हणजे आज किती झालं ते डोळ्यांना दिसतं. आणि एका वेळी दोन कामं ठेवायची. एक डोकं लावायचं, दुसरं टीव्ही बघताना होणारं.

उसवायचं की रेटायचं?

दहा इंच झाल्यावर खाली मोठी चूक दिसली. आता काय? मन म्हणतं, इतके तास घातलेत, आता मागे कशाला जायचं.

हाल आर्क्स आणि कॅथरिन ब्लूमर या संशोधकांनी 1985 साली यावर अभ्यास मांडला होता. त्यांच्या एका प्रयोगात नाटकांच्या हंगामाची तिकिटं काहींना पूर्ण किमतीत आणि काहींना सवलतीत मिळाली. पूर्ण पैसे भरलेले लोक हंगामाच्या पहिल्या भागात जास्त नाटकांना गेले. नाटकं सगळ्यांना तीच होती, फरक फक्त खर्च झालेल्या पैशांचा. गेलेली गुंतवणूक आपल्याला पुढे ओढत राहते. विणकामात हीच ओढ मापात न बसणारा स्वेटर पूर्ण करायला लावते, आणि मग तो कोणीच घालत नाही.

इथे चुकीचा प्रकार बघायचा. काही ओळी खाली एकच टाका सुलटऐवजी उलट पडला असेल तर सगळं उसवायची गरज नसते. तेवढाच टाका खालपर्यंत सोडायचा आणि क्रोशाच्या सुईने एकेक ओळ वर उचलत आणायचा. पण माप चुकलं असेल तर उसवणंच बरं. पुढचे तास तरी वाचतात.

इंग्रजीत या उसवण्याला 'फ्रॉगिंग' म्हणतात. 'रिप इट, रिप इट' हा उच्चार बेडकाच्या आवाजासारखा लागतो, म्हणून हे नाव. उसवलेली लोकर नागमोडी होते. तिची लडी करून, धुवून, टांगून वाळवली की ती बऱ्यापैकी सरळ होते. अवघड नक्षी सुरू करण्याआधी सगळ्या टाक्यांतून एक बारीक वेगळ्या रंगाचा दोरा ओवून ठेवतात. त्याला 'लाइफलाइन' म्हणतात. पुढे चुकलं तर त्या दोऱ्यापर्यंतच उसवतं.

बाळ थांबत नाही

महाराष्ट्रात बऱ्याच घरांत विणकामाची सुरुवात बाळंतविड्यापासून होते. टोपडं, मोजे, इवलासा स्वेटर. कामं छोटी असतात म्हणून शिकायला उत्तम. पण इथे तारीख ठरलेली असते आणि बाळ आठवड्याआठवड्याने वाढत असतं. नवजात बाळाच्या मापाचा स्वेटर उशिरा झाला तर एकदाही अंगावर चढत नाही.

म्हणून सहा महिन्यांचं माप विणायचा सल्ला देतात. पण त्यात महिना बघावा लागतो. जूनमध्ये जन्मलेलं बाळ डिसेंबरच्या थंडीत सहा महिन्यांचं होईल, तिथे लोकरीचा स्वेटर कामाला येतो. नोव्हेंबरमध्ये जन्मलेलं बाळ सहा महिन्यांचं होईल ते मेच्या उकाड्यात. त्याच्यासाठी सुती धाग्याचं काहीतरी किंवा थेट वर्षभराचं माप बरं.

मग एवढा खटाटोप कशासाठी?

जिल रायली, बेट्सन कॉर्कहिल आणि क्लेअर मॉरिस यांनी जगभरातल्या 3,545 विणणाऱ्यांची ऑनलाइन पाहणी केली होती. ती 2013 साली प्रसिद्ध झाली. जे लोक जास्त वेळा विणतात, त्यांनी शांत आणि आनंदी वाटत असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं. अर्थात ही लोकांनी स्वतःबद्दल दिलेली उत्तरं आहेत, विणकाम म्हणजे औषध असा त्याचा अर्थ नाही.

टोकियो ऑलिंपिकमध्ये ब्रिटनचा डायव्हर टॉम डेली प्रेक्षकांत बसून विणताना दिसला आणि ते फोटो जगभर फिरले. त्याने आपल्या सुवर्णपदकासाठी छोटी पिशवीही विणली होती. मात्र तासन्‌तास विणून मनगट, खांदा दुखत असेल तर थांबायलाच हवं. दर अर्ध्या तासाने हात सोडवले तर उद्याही विणता येतं.

पिशवीतल्या त्या अर्धवट कामाचं काय?

अमेरिकेत मेसी कॅपलन आणि जेन सिमॉनिक या दोन मैत्रिणींनी 2022 साली 'लूज एंड्स' नावाचा उपक्रम सुरू केला. मृत्यूमुळे किंवा आजारपणामुळे कोणाचं विणकाम अर्धवट राहिलं असेल, तर घरचे ते इथे सोपवतात. एखादा अनोळखी स्वयंसेवक ते पूर्ण करून परत पाठवतो. आज हजारो लोक हे काम करतात. आईने अर्ध्यावर सोडलेला स्वेटर मुलीला अंगात घालता येतो. तिच्या टाक्यांना दुसऱ्याचे टाके जोडले जाऊ शकतात, कारण टाके शेवटी दोनच आहेत आणि ते सगळीकडे सारखेच आहेत.

तेव्हा कपाटातली पिशवी काढायला हरकत नाही. आधी माप घ्यायचं. माप बरोबर असेल तर सेफ्टी पिन लावून रोज दोन ओळी. माप चुकलं असेल तर उसवून त्याच लोकरीची टोपी. आणि मनच उरलं नसेल तर सुयांसकट कोणाला तरी देऊन टाकायचं. फक्त गुंड्याची ती लॉट नंबरची पट्टी सोबत द्यायला विसरू नका.