चीजच्या पोटातलं

पार्मिजानो रेज्जानो या इटालियन चीजचं एक चाक साधारण ४० किलोचं असतं आणि त्यात साडेपाचशे लिटरच्या आसपास दूध गेलेलं असतं. वर्षभर मुरल्यावर परीक्षक येतो, छोट्या हातोडीनं चाक ठोकत जातो आणि कान देऊन ऐकतो. कलिंगड घेताना आपण टिचकी मारतो, तसंच. आवाज पोकळ आला की संशय. आत तडा आहे की नाही हे कापून बघायची सोय नाही. एकदा कापलं की ते अखंड चाक राहत नाही.

तडा पडतो तो अनेकदा क्लॉस्ट्रिडियम जिवाणूंमुळे. मुरघास म्हणजे आंबवलेला चारा खाणाऱ्या गाईंच्या दुधात त्यांचे बीजाणू जास्त येतात, म्हणून या चीजसाठी मुरघासाला बंदीच आहे. बीजाणू उष्णतेला दाद देत नाहीत, महिनोन् महिने गप्प बसतात आणि मग त्यांतून जागे झालेले जिवाणू वायू सोडून चीज आतून फुगवतात, फाडतात.

न कापता आत पाहणारी यंत्रंही हेच तडे शोधतात. पोकळीत क्ष-किरण फारसे अडत नाहीत, त्यामुळे ती चित्रात वेगळी उठून दिसते. साध्या क्ष-किरण चित्रात मात्र सगळी जाडी एकावर एक चढते. तडा नेमका किती खोल आहे हे सीटी स्कॅन सांगतो. अल्ट्रासाउंडची लहर पोकळीवर आपटून परत फिरते. हातोडीचंच काम, पण इथे जागा आणि आकारही कळतो.

माझ्या मते अशा चित्रांची खरी कमाल पसंती-नापसंतीत नाही, कारण शोधण्यात आहे. स्वित्झर्लंडमध्ये एमेंटाल चीजची भोकं कमी होऊ लागली होती. २०१५ मध्ये अ‍ॅग्रोस्कोप या सरकारी संशोधन संस्थेनं कारण सांगितलं. मुरणारं चीज सीटी स्कॅनखाली महिनोन् महिने पाहिल्यावर दिसलं की भोकं सुरू होतात ती दुधात पडलेल्या गवताच्या बारीक कणांपाशी. बंद यंत्रानं धार काढायला लागल्यापासून दूध स्वच्छ झालं आणि भोकं कमी झाली! जिवाणू वायू करतात हे आधीच माहीत होतं. तो साठतो कुठे, हे चित्रानं दाखवलं.

चव मात्र कुठल्याच चित्रात येत नाही. शंका आली तर परीक्षक आजही सुई खुपसून वास घेतो. तुम्ही पार्मिजानो घ्याल तेव्हा किसलेलं न घेता सालीसकट तुकडा घ्या. सालीवर ठिपक्यांत कोरलेलं नाव असतं. त्यावर समांतर रेघा ओढलेल्या दिसल्या, तर ते चाक परीक्षेत दुसऱ्या दर्जाचं ठरलेलं आहे.